प्रयोगशाळेतल्या अपघातानंतर नाजूक उपकरणं वाचवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या हायर सेकंडरी शाळा, कॉलेजं आणि औद्योगिक वसाहतींतल्या क्वालिटी कंट्रोल लॅब इथून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. जे एका ठिकाणी सांगितलं आहे ते पुन्हा न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. काहीतरी सांडलं, पडलं किंवा फुटलं. उपकरणासाठी पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं?

माणसं आधी. कुणाच्या डोळ्यांत किंवा अंगावर रसायन उडालं असेल तर वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं धुवा. तोवर उपकरण थांबेल.

मग प्लग काढा. नुसतं उपकरणाचं बटण बंद करून भागत नाही, कारण बऱ्याच उपकरणांत बटण बंद असलं तरी आतल्या पॉवर सप्लायचा काही भाग जिवंत असतो. ओल्या टेबलावरून हात नेल्याशिवाय प्लगपर्यंत पोचता येत नसेल तर आधी बोर्डावरचा एमसीबी पाडा. बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणाची बॅटरी काढा.

त्यानंतर द्रव टिपा, पुसू नका. टिपकागद किंवा फिल्टर पेपर नुसता ठेवायचा आणि उचलायचा. घासलं की द्रव फटीत जातो, आणि फुटलेल्या काचेचा चुरा असेल तर रंगावर, भिंगावर कायमचे ओरखडे येतात. द्रव ज्या बाजूने आत गेला त्याच बाजूने बाहेर येईल असं उपकरण कलंडवा. उलट बाजूला कलंडवलं तर कोरडा भागही भिजतो. याला अपवाद बॅलन्सचा (प्रश्न ५).

एवढं झालं की लिहून ठेवा: काय सांडलं, किती तीव्रतेचं, अंदाजे किती मिलिलिटर, किती वाजता, उपकरण चालू होतं की बंद. दोन-चार फोटो काढा. सर्व्हिस इंजिनिअर आणि विम्याचा सर्व्हेअर, दोघंही हेच विचारतात, आणि तोवर कुणालाच नीट आठवत नसतं.

२. नुसतं एकदा चालू करून बघितलं तर काय बिघडतं?

बरंच. प्लेन पाण्याने भिजलेला सर्किट बोर्ड वीज नसताना तासन् तास तग धरतो. वीज दिली की ओलाव्यातून दोन पट्ट्यांमध्ये करंट वाहू लागतो आणि तांबं काही मिनिटांत खाल्लं जातं. शिवाय २३० व्होल्टवर चालणाऱ्या स्विच मोड पॉवर सप्लायमध्ये आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतो. तिथे ओल असली तर फ्यूजबरोबर इतर भागही जातात. अपघाताने उपकरण जेवढं बिघडतं त्याहून जास्त ते 'चालतंय का बघूया' म्हणून बिघडतं. आतून कोरडं असल्याची खात्री होईपर्यंत प्लग लावू नका. तोच ३२५ व्होल्ट प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही मिनिटं राहतो, म्हणून झाकण उघडण्याआधी दहा मिनिटं थांबा आणि मीटरने तपासा.

३. स्लॅब गळून पावसाचं पाणी उपकरणात गेलं. कसं वाळवायचं? उन्हात ठेवू का?

उन्हात नको, हेअर ड्रायरनेही नको. दोन्हींनी एक बाजू तापते, दुसरी ओली राहते; प्लास्टिक वाकतं, भिंगांचा सिमेंट सुटतो. तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपायही सोडा: तांदळाचा भुसा आत जातो, एवढाच त्याचा परिणाम.

आधी हे लक्षात घ्या की स्लॅबमधून झिरपलेलं पाणी शुद्ध नसतं, त्यात चुना आणि क्षार उतरलेले असतात. ते तसंच वाळू दिलं तर बोर्डावर पांढरा थर बसतो, आणि हवेतला ओलावा शोषून तो पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बिघाड करतो. म्हणून बोर्ड सुटा करता येत असेल तर डिस्टिल्ड वॉटरने दोनदा खळखळून घ्या, मऊ ब्रशने कोपरे साफ करा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकदा. अल्कोहोल पाणी ओढून घेतं आणि लवकर उडतं. जवळपास बर्नर किंवा हॉट प्लेट चालू नको. ट्रान्सफॉर्मर, उघडे रिले, डिस्प्ले आणि ऑप्टिकल भाग या धुण्यातून वगळायचे.

खरी अडचण वाळवण्याची. जुलैत आपल्याकडे हवेची आर्द्रता सहज ८५ टक्क्यांवर असते. त्या हवेत पंख्याखाली ठेवलेला बोर्ड दोन दिवसांनीही आतून ओला असतो. उपाय सोपा आहे. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेची हवा ४५ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता ३८ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे हॉट एअर ओव्हन ४० ते ४५ अंशांवर लावा, वरची झडप उघडी ठेवा आणि बोर्ड २४ तास राहू द्या. ओव्हनमध्ये न मावणारं उपकरण झाकण काढून एसी आणि डिह्युमिडिफायर असलेल्या बंद खोलीत ४८ तास. ट्रान्सफॉर्मर किंवा मोटर भिजली असेल तर त्यानंतर इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासून घ्या. २ मेगाओहमच्या खाली आलं तर अजून वाळवा.

४. अ‍ॅसिड सांडलं. लगेच खाण्याचा सोडा टाकायचा ना?

टेबलावर आणि जमिनीवर, हो. उपकरणाच्या आत, नाही. सोड्याची पूड अ‍ॅसिडवर पडली की फेस येतो आणि तो फेस अ‍ॅसिडला आणखी आत ढकलतो; वर तयार झालेलं मीठ फटींत राहतं. बाहेरच्या आवरणावर आधी टिपून घ्या, मग ५ टक्के सोड्याच्या द्रावणात पिळलेलं कापड फिरवा, मग दोनदा डिस्टिल्ड वॉटरचं. आतला बोर्ड भिजला असेल तर भरपूर डिस्टिल्ड वॉटरने धुवा, शेवटच्या धुण्याचं पाणी पीएच पेपरवर तपासा, आणि प्रश्न ३ प्रमाणे वाळवा.

अ‍ॅसिडागणिक वागणं वेगळं. सल्फ्युरिक उडून जात नाही. वाळलं असं वाटतं तेव्हा ते फक्त आणखी तीव्र झालेलं असतं. हायड्रोक्लोरिक उडतं, पण वाफ शेजारच्या सगळ्या उपकरणांच्या कनेक्टरवर बसते. एकावर सांडलं असेल तरी त्या टेबलावरची बाकीचीही तपासा. तांब्यावर हिरवट आणि लोखंडी स्क्रूवर तांबूस डाग आठवड्याभरात दिसतात.

५. अ‍ॅनालिटिकल बॅलन्सवर द्रावण सांडलं, किंवा बॅलन्सला धक्का बसला. घरच्या घरी काय करता येईल?

०.१ मिलिग्रॅम वाचणाऱ्या बॅलन्सच्या पोटात धातूच्या अतिशय पातळ लवचिक पट्ट्यांवर तोललेली दांडी आणि चुंबकात लोंबणारी कॉइल असते. या पट्ट्या वाकल्या की बाहेरून काही दिसत नाही, रीडिंग मात्र कायमचं सरकतं. म्हणून बॅलन्स उलटा करायचा नाही, आडवा करायचा नाही. ब्लोअरने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने पूड उडवायची नाही, ती थेट पॅनखालच्या भोकातून चुंबकात जाते.

प्लग काढा. काचेची दारं उघडा. पॅन सरळ वर उचला, नंतर पॅनचा आधार सरळ वर, तिरपा न करता. पूड असेल तर मऊ ब्रशने भोकापासून दूर ओढत बाहेर आणा. द्रव असेल तर टिपकागदाची सुरळी करून टिपा. पॅन, आधार आणि तळाची पत्री सौम्य साबणाने धुवून, डिस्टिल्ड वॉटरने खळबळून, पूर्ण कोरडी करून बसवा. भोकातून द्रव आत गेलाच असेल तर तुमचं काम तिथे संपलं. प्लग न लावता इंजिनिअरला बोलवा.

नुसता धक्का बसला असेल किंवा सफाई झाली असेल तर लेव्हलचा बुडबुडा मध्ये आणा, प्लग लावून किमान एक तास तापू द्या आणि तीन गोष्टी तपासा. १०० ग्रॅमचं एकच वजन दहा वेळा ठेवा-काढा. रीडिंगचा फैलाव मॅन्युअलमधल्या मर्यादेत हवा. तेच वजन मध्यभागी आणि चार कोपऱ्यांत ठेवा. एकाच कोपऱ्यात रीडिंग वेगळं येत असेल तर पट्टी वाकल्याची शंका घ्या. शेवटी प्रमाणित वजनाशी तुलना. १०० ग्रॅमच्या एफ१ वर्गातल्या वजनाची अनुमत चूक ०.५ मिलिग्रॅम आणि ई२ ची ०.१६ मिलिग्रॅम असते (हे वजनांच्या अचूकतेचे वर्ग आहेत), ०.१ मिलिग्रॅमच्या बॅलन्ससाठी ई२ च घ्यावं. वजन बोटांनी उचलू नका.

'इंटर्नल कॅलिब्रेशन पास झालं, म्हणजे सगळं ठीक' हा युक्तिवाद धक्क्यानंतर चालत नाही. आतलं वजन आणि त्याची उचलणी यांनाही तोच धक्का बसलेला असतो.

आणखी एक. बॅलन्स मुंबईहून दुरुस्त होऊन आला तर इथे बसवल्यावर पुन्हा कॅलिब्रेट करावाच लागतो. गुरुत्वाकर्षण अक्षांशाप्रमाणे बदलतं, आणि मुंबईहून पणजीपर्यंत येताना तेवढ्यानेच १०० ग्रॅममागे दहा-वीस मिलिग्रॅमचा फरक पडतो. दुरुस्ती नीट झाली नाही अशी तक्रार अनेकदा याच कारणाने केली जाते.

६. पीएच मीटर कुठल्याही बफरमध्ये (ठरावीक पीएचच्या द्रावणात) ७ च दाखवतो. मीटर गेला का?

बहुधा इलेक्ट्रोड गेला आहे. काचेच्या गोळ्याला केसाएवढी चीर पडली की आतबाहेरचा विद्युत फरक शून्य होतो, आणि शून्य मिलिव्होल्ट म्हणजे मीटरच्या भाषेत ७. बीकरच्या तळावर आपटल्याने किंवा मॅग्नेटिक स्टिररची कांडी लागल्याने हे होतं.

दोष मीटरचा की इलेक्ट्रोडचा हे ठरवायला इलेक्ट्रोड काढा आणि मीटरच्या बीएनसी सॉकेटची मधली पिन बाहेरच्या कड्याला तारेच्या तुकड्याने जोडा. मीटर शून्य मिलिव्होल्टच्या जवळ स्थिर राहिला तर त्याची इनपुट बाजू शाबूत आहे. रीडिंग भरकटत असेल तर सॉकेटमध्ये ओल आहे. इलेक्ट्रोडचा रोध शेकडो मेगाओहममध्ये असल्याने बोटाचा घामसुद्धा पुरतो; सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवा.

चीर नसेल, फक्त रीडिंग मंद झालं असेल तर इलेक्ट्रोड वाचवता येतो. कोरडा पडलेला ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये रात्रभर. प्रथिनांचा थर (दूध, सीरम, माशांचे नमुने) असेल तर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये १ टक्का पेप्सिन करून तासभर. संदर्भ बाजूची जाळी काळी पडली असेल तर सिल्व्हर सल्फाइड साचलं आहे, ०.१ मोलर हायड्रोक्लोरिकमध्ये थायोयुरिया. प्रत्येक वेळी धुवून पुन्हा पोटॅशियम क्लोराइडमध्ये तासभर ठेवा.

मग स्लोप बघा. २५ अंशांना एका पीएचमागे ५९.२ मिलिव्होल्ट, ३० अंशांना ६०.१५. एसी नसलेल्या लॅबमध्ये ७ आणि ४ च्या बफरमध्ये सुमारे १८० मिलिव्होल्टांचा फरक यायला हवा. १७१ च्या खाली, म्हणजे ९५ टक्क्यांच्या खाली राहिला तर नवा घ्या. डिस्टिल्ड वॉटरमध्ये इलेक्ट्रोड ठेवण्याची सवय मात्र मोडा. त्याने आतला क्षार बाहेर झिरपतो.

७. मायक्रोस्कोप टेबलावरून पडला. बाहेरून ठीक दिसतो, पण चित्र धूसर आहे.

आधी साधं कारण पाहा: ४० च्या कोरड्या ऑब्जेक्टिव्हला इमर्शन ऑइल लागलेलं आहे का? अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. आयपीस काढून उलटा धरला की तो चांगलं बहिर्गोल भिंग होतो. त्यातून ऑब्जेक्टिव्हचं पुढचं भिंग बघा.

तेल असेल तर लेन्स पेपर सात भाग ईथर आणि तीन भाग अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोलच्या मिश्रणात किंचित ओला करून मध्यातून बाहेर गोल फिरवा, प्रत्येक फेरीला नवा कागद. झायलीन नको, ते भिंगं चिकटवणारा सिमेंट विरघळवतं. रंगीत डिनेचर्ड स्पिरिटनेही डाग राहतात.

भिंग स्वच्छ असूनही चित्र धूसर असेल तर दुसरं ऑब्जेक्टिव्ह लावून पाहा. एकच बिघडलं असेल तर ते बदला. ऑब्जेक्टिव्ह उघडू नका: आतल्या भिंगांमधली अंतरं मायक्रॉनमध्ये जुळवलेली असतात. सगळीच ऑब्जेक्टिव्हं धूसर असतील तर दोष नळीतल्या प्रिझममध्ये किंवा कंडेन्सरमध्ये. डोळ्यांना दोन चित्रं दिसणं, पाच मिनिटांत डोकं दुखणं ही प्रिझम सरकल्याची खूण. ते काम कॉलिमेटर (भिंग-प्रिझम एका रेषेत आहेत का हे तपासणारं साधन) असलेल्या कारागिराचं. स्क्रू ढिले करून अंदाजाने जुळत नाही.

८. चवथीच्या सुट्टीनंतर लॅब उघडली तर भिंगांवर जाळी दिसते. अपघात झालेला नसताना हे कसं?

ही बुरशी, आणि आपल्याकडे तिने बिघडलेली भिंगं अपघातात बिघडलेल्यांपेक्षा नक्कीच जास्त असतील. सुट्टीत एसी बंद, खिडक्या बंद, वर प्लास्टिकचं कव्हर. ७० टक्क्यांवर आर्द्रता काही दिवस राहिली की एवढं पुरतं.

बाहेरच्या पृष्ठभागावरची जाळी प्रश्न ७ मधल्या मिश्रणाने निघते. पुसल्यावरही कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघ राहिली तर बुरशीच्या अ‍ॅसिडने कोटिंग खाल्लं आहे, ते परत येत नाही. भिंगांच्या मधली बुरशी कारागिराकडे. बाधित ऑब्जेक्टिव्ह चांगल्यांबरोबर एकाच डब्यात ठेवू नका.

जुन्या लॅबमध्ये कपाटात १५-२५ वॅटचा पिवळा बल्ब जळत ठेवायची पद्धत होती आणि ती उत्तम होती. आता त्या जागी एलईडी लावलेला दिसतो. तो पुरेसा तापत नाही, त्यामुळे कपाट उजळतं पण कोरडं होत नाही. बल्ब मिळत नसेल तर घट्ट डबा, सिलिका जेल आणि साधा हायग्रोमीटर. आर्द्रता ४० ते ५५ टक्के ठेवा. निळी सिलिका गुलाबी झाली की ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास. नारिंगी प्रकारालाही त्याहून जास्त तापवू नका.

९. स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या क्युव्हेट (नमुन्याची लहान पारदर्शक नळी) ठेवायच्या कप्प्यात नमुना सांडला. पुसून घेतला, आता रीडिंगवर विश्वास ठेवायचा का?

पुसणं पुरेसं नाही. कप्प्याच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या वाटेत लहान खिडक्या असतात आणि शिंतोडे तिथेच बसतात. कप्पा सुटा करून धुवा. खिडकी काचेची किंवा क्वार्ट्झची असेल तर अल्कोहोल लावलेल्या लेन्स पेपरने, न दाबता. उघडा आरसा दिसला तर थांबा (प्रश्न १०).

मग तपासणी. तरंगलांबीसाठी ड्युटेरियम दिव्याच्याच ६५६.१ आणि ४८६.० नॅनोमीटरच्या रेषा वापरता येतात; दिवा सिंगल बीम एनर्जी मोडवर ठेवून त्या स्कॅन करा. अ‍ॅब्सॉर्बन्ससाठी ०.००५ मोलर सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये लिटरला ६० मिलिग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेट: १ सेंटिमीटर क्युव्हेटमध्ये २५७ नॅनोमीटरला सुमारे ०.८६ आणि ३५० ला सुमारे ०.६४ यायला हवं. भरकटलेल्या प्रकाशासाठी (निवडलेल्या तरंगलांबीखेरीज डिटेक्टरवर पोचणारा प्रकाश) १.२ टक्के पोटॅशियम क्लोराइड. १९८ नॅनोमीटरला अ‍ॅब्सॉर्बन्स २ च्या वर हवा. पहिल्या दोन चाचण्या पास आणि तिसरी नापास, असं झालं तर आरशांवर थर बसला आहे असं समजा. उरलेलं डायक्रोमेट बेसिनमध्ये ओतू नका, त्यात विषारी हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असतं.

दृश्य भागात सगळं ठीक आणि ३४० नॅनोमीटरच्या खाली नुसता गोंधळ, असं असेल तर अपघाताचा संबंध नाही, ड्युटेरियम दिवा संपला आहे. नवा दिवा बसवताना बोटं लागू देऊ नका. बोटांचे ठसे गरम क्वार्ट्झवर भाजले जातात. लागलीच तर चालू करण्याआधी अल्कोहोलने पुसा.

१०. ग्रेटिंग किंवा आतला आरसा कशाने पुसायचा?

कशानेही नाही. ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारा भाग) म्हणजे रेझिनवर उठवलेल्या रेघांवरचा अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर. लेन्स पेपरच्या एका स्पर्शाने रेघा कायमच्या जातात. हातपंपाच्या रबरी ब्लोअरची कोरडी हवा एवढंच. कॅनमधली हवा द्रव फवारते, तीही नको. डाग पडलेलं ग्रेटिंग अनेकदा वापरण्याजोगं राहतं, पुसलेलं राहत नाही.

११. पाऱ्याचा थर्मामीटर ओव्हनमध्ये फुटला.

ओव्हन बंद करा, दार उघडू नका, खिडक्या उघडा, खोली रिकामी करा आणि पूर्ण थंड होऊ द्या. १०० अंशांना पाऱ्याचा बाष्पदाब २५ अंशांच्या सुमारे दीडशे पट असतो. गरम ओव्हनमध्ये डोकं घालणं म्हणजे ती वाफ हुंगणं.

थंड झाल्यावर हातमोजे घाला, अंगठ्या-बांगड्या काढा (सोनं पारा शोषतं). टॉर्च आडवी धरली की थेंब चमकतात. ड्रॉपरने गोळा करा, बारीक थेंब चिकटपट्टीने, आणि फटींत गंधकाची पूड टाकून दुसऱ्या दिवशी ती ब्रशने काढून घ्या. झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर नकोत. गोळा केलेला पारा घट्ट बाटलीत, वर पाण्याचा थर ठेवून, धोकादायक कचऱ्यात.

उपकरणाच्या दृष्टीने धोका अ‍ॅल्युमिनियमला. पारा ऑक्साइडच्या थराखाली शिरला की धातू पांढऱ्या पिसासारखा फुगून भुगा होतो. बॅलन्सचा सांगाडा, सेंट्रीफ्यूजचा रोटर, ओव्हनचे अ‍ॅल्युमिनियम ट्रे यांना पारा लागला असेल तर तो भाग बदलाच.

१२. सेंट्रीफ्यूजमध्ये काचेची ट्यूब फुटली. तुकडे काढले, तरी आतून राखाडी पूड येत राहते.

ती पूड म्हणजे काचेच्या वाळूने घासलेला रंग आणि धातू. काच आत आहे तोवर ती येणारच. नमुना जैविक असेल तर झाकण उघडण्याआधी ३० मिनिटं थांबा, हवेतले कण खाली बसू देत. मोठे तुकडे चिमट्याने काढा. बकेटमधल्या रबरी गाद्या फेकून द्या, काच त्यांत रुतलेली असते आणि पुढची ट्यूब तिथेच फुटते. मग भांड्याच्या वरच्या तृतीयांश भागाला आतून व्हॅसलीनचा पातळ थर द्या आणि रिकामा रोटर काही मिनिटं २००० आरपीएमपर्यंत फिरवा. उडालेली पूड व्हॅसलीनला चिकटते, ती कापडाने काढा. काळं येणं थांबेपर्यंत दोन-तीनदा.

अ‍ॅल्युमिनियमच्या रोटरला ब्लीच लावू नका, सोडा असलेला साबणही नको. रोटर हातातून जमिनीवर पडला असेल तर डोळ्यांना चीर दिसो वा न दिसो, तज्ज्ञ तपासणीशिवाय वापरायचा नाही. यात तडजोड नाही.

१३. छोटी आग लागली, पावडरच्या सिलिंडरने विझवली. आता सगळ्या लॅबवर पिवळी-पांढरी पूड आहे.

एबीसी पावडरमध्ये मुख्यतः मोनोअमोनियम फॉस्फेट असतं. कोरडं असताना निरुपद्रवी, पण ते ओलावा ओढतं आणि ओलं झालं की आम्ल. आपल्या हवेत एका रात्रीत गोळे होतात, म्हणून हे काम दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. एसी आणि पंखे बंद, मास्क लावा, हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने आणि मऊ ब्रशने आधी कोरडी सफाई. पाणी आधी मारलं तर चिखल होतो. कोरडी पूड निघाल्यावरच ओलसर कापड, आणि बोर्डांना अल्कोहोल. कूलिंग फॅन असलेल्या प्रत्येक उपकरणाचं झाकण उघडून बघा. चालू फॅनने पूड आत खेचलेली असते.

वायर जळाली असेल तर तिच्या पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो. काजळी दिसत नसलेल्या उपकरणांचे कनेक्टरही प्रश्न ४ प्रमाणे तपासा. आणि पुढच्या खेपेला उपकरणांच्या खोलीत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर टांगा. त्याची पूड राहत नाही. फक्त गरम दिव्यावर किंवा काचेवर थेट फवारू नका, तडकते.

१४. मे महिन्याच्या गडगडाटात वीज पडली, तेव्हापासून फ्यूज लावला की उडतो.

उडालेला काचेचा फ्यूज उजेडात धरा. तार फक्त मध्ये तुटलेली असेल तर थोडासा जास्त भार. काच आतून काळी-चंदेरी झाली असेल तर आत शॉर्ट आहे, दुसरा फ्यूज वाया घालवू नका. बदलायचा तर त्याच अँपिअरचा आणि त्याच प्रकारचा: 'टी' म्हणजे सावकाश उडणारा, 'एफ' म्हणजे झटपट. तांब्याची तार गुंडाळणं म्हणजे फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जाळणं. शॉर्ट असेल तर इलेक्ट्रिशियनने १०० वॅटच्या बल्बच्या सिरीज बोर्डावर तपासावं. फ्यूजच्या मागचं चकतीसारखं व्हॅरिस्टर तडकलं असेल तर नशीब बरं, बहुधा त्याने उरलेला बोर्ड वाचवला. ते बदलल्याशिवाय वापर सुरू करू नका.

अर्थिंग जरूर तपासा. ताळगाव, दोनापावल यांसारख्या जांभ्या दगडाच्या पठारांवर जमीन वीज नीट वाहू देत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये अर्थ पिट कोरडा पडला की आणखी कमी. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ३ व्होल्टहून जास्त दिसत असेल तर आधी पिट सुधारा, मग उपकरण जोडा.

१५. मायक्रोपिपेटच्या आत द्रव गेला.

खालचा भाग उघडा, पिस्टन आणि सील डिस्टिल्ड वॉटरने, मग अल्कोहोलने धुवा, वाळवा, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. टिप भरून २० सेकंद उभी धरा. थेंब लोंबता कामा नये. मग बॅलन्सवर दहा मापं. २७ अंशांना १ मिलिलिटर पाणी हवेत सुमारे ०.९९५५ ग्रॅम भरतं, १.००० नाही. १००० मायक्रोलिटरच्या पिपेटला आयएसओ ८६५५ प्रमाणे ८ मायक्रोलिटरपर्यंत चूक चालते.

१६. तुम्ही सगळीकडे डिस्टिल्ड वॉटर सांगता. कुठे चालत नाही?

एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड प्रकाशाने पदार्थ ओळखणारं उपकरण). त्यातल्या खिडक्या आणि बीम स्प्लिटर पोटॅशियम ब्रोमाइडचे असतील तर पाण्यात विरघळतात. ओल्या श्वासानेही दुधाळ होतात. तिथे फक्त कोरडी हवा, आणि अल्कोहोल वापरायचं तर पूर्ण निर्जल. अपघातानंतरही असं उपकरण शक्य तितक्या लवकर सुरक्षित तपासून सतत चालू ठेवावं, कारण आतली ऊब हेच त्याचं ओलाव्यापासूनचं संरक्षण. नवं घेताना गोव्यासाठी झिंक सेलेनाइडचा पर्याय मिळतो का विचारा. रोटरी व्हॅक्यूम पंप हाही वेगळा: पाणी गेल्याने तेल दुधाळ झालं असेल तर गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडणारी झडप) उघडून अर्धा तास चालवा, गरम असतानाच तेल बदला.

१७. स्वतः उघडायचं की कंपनीला बोलवायचं? इंजिनिअर बाहेरून यायला पंधरा दिवस लागतात.

वॉरंटी किंवा एएमसी (वार्षिक देखभाल करार) चालू असेल तर सील तोडू नका. पण सील न तोडता करण्यासारखं (टिपणं, बाहेरची सफाई, कोरड्या खोलीत ठेवणं) पहिल्याच दिवशी करा आणि ते ईमेलने कळवा. पंधरा दिवस ओलं उपकरण तसंच ठेवणं हा सगळ्यात महाग पर्याय.

उपकरण पाठवायचं ठरलं तर लॉक स्क्रू असल्यास लावा, दिवे आणि क्युव्हेट वेगळे बांधा, दोन खोक्यांमध्ये किमान ५ सेंटिमीटर फोम. चोर्ला किंवा आंबोली घाटातली वळणं सैल बांधलेल्या ऑब्जेक्टिव्हला पडण्याइतकीच वाईट. पावसात पाठवत असाल तर आत सिलिका जेल आणि बाहेर बंद प्लास्टिक. जैविक किंवा विषारी काही सांडलं असेल तर निर्जंतुक केल्याचं पत्र सोबत द्या. त्याशिवाय सर्व्हिस सेंटर खोकं उघडत नाही.

सुटे भाग मिळणं बंद झालं असेल आणि खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त येत असेल तर निर्लेखन करा. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद करा, आणि ई-कचरा नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्या. भंगारवाल्याला दिलेल्या यूव्ही दिव्यातला पारा शेवटी कुणाच्यातरी अंगणात जातो.

१८. धक्का कधी बसला हेच माहीत नाही. आज तपासलं तर बॅलन्स चुकतोय. मधल्या रीडिंगचं काय करायचं?

शेवटची बरोबर आलेली तपासणी कधीची हे रजिस्टरमध्ये शोधा. तेव्हापासून आजपर्यंतचं प्रत्येक रीडिंग संशयित. चूक किती आणि कुठल्या दिशेने हे दुरुस्तीच्या आधी मोजून लिहा. इंजिनिअरने एकदा अ‍ॅडजस्ट केलं की ती माहिती कायमची गेली. त्यालाही 'आधीची रीडिंग' आणि 'नंतरची रीडिंग' दोन्ही रिपोर्टवर लिहायला सांगा.

मग ती चूक कामाच्या मर्यादेशी ताडा. ३ मिलिग्रॅमची चूक ५० ग्रॅम मिठाच्या द्रावणात कुणाला कळणार नाही. २० मिलिग्रॅम औषधाच्या स्टँडर्डमध्ये ती १५ टक्के होते आणि त्या दिवसाचे सगळे रिझल्ट जातात. चूक स्थिर असेल तर गणिताने दुरुस्त करता येते, कोपऱ्याकोपऱ्यात बदलणारी असेल तर नाही, कारण वजन पॅनवर नक्की कुठे ठेवलं होतं हे कुणी लिहीत नाही. ठेवलेले नमुने शिल्लक असतील तर पुन्हा मोजा.

हा कालावधी लहान ठेवायचा असेल तर रोज सकाळी एकच वजन ठेवून एक आकडा रजिस्टरमध्ये लिहा. आयएसओ १७०२५ (चाचणी प्रयोगशाळांसाठीचं मानक) पाळणाऱ्या लॅबमध्ये ही नोंद असतेच. हायर सेकंडरीच्या लॅबमध्ये हे काम लॅब असिस्टंटचं दोन मिनिटांचं आहे, आणि वर्षाच्या एका कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवर विसंबण्यापेक्षा ते कितीतरी उपयोगी पडतं.